फोन कुणाला करायचा?

शनिवारची रात्र, न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, नाताळ तोंडावर आलेला. सोळा वर्षांचा एक उंच मुलगा गाडीतून उतरतो आणि आधी टेलिफोन बूथ गाठतो. सामान बाहेर ठेवतो, आतून दिसेल असं. कुणाशी तरी बोलायचंय एवढं नक्की आहे. कुणाशी, ते मात्र सुचत नाही. थोरला भाऊ हॉलिवूडला. धाकटी बहीण नऊलाच झोपते. तिला उठवलं तरी ती कुरकुरणार नाही, पण फोन ती थोडीच उचलणार? आई नाहीतर वडील उचलतील. जेन नावाच्या मैत्रिणीच्या आईला फोन करून जेनला सुट्टी कधी लागते ते विचारता येईल, पण तशी इच्छा होत नाही. सॅली आहे, पण तिचीही आई मध्ये येईल. कार्ल लूस हा जुना शाळासोबती आहे, पण तो मुळात फारसा आवडत नाही. अशी वीसेक मिनिटं जातात आणि मुलगा एकही फोन न करता बाहेर येतो. टॅक्सीत बसल्यावर सवयीने घरचाच पत्ता सांगतो. टॅक्सी बरीच पुढे गेल्यावर त्याला आठवतं की आपल्याला घरी जायचंच नाहीये.

जे. डी. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीत याहून नाट्यमय प्रसंग पुष्कळ आहेत. मारामाऱ्या आहेत, वेश्या आहे, मध्यरात्री घरातून चोरपावलांनी पळणं आहे. तरी पौगंडावस्थेतलं एकटेपण म्हणजे नेमकं काय हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात या बूथपासून करावी. इथं माणसांचा तुटवडा नाही. पाच नावं आहेत आणि प्रत्येकापुढे एक ‘पण’ आहे. तो ‘पण’ कुठून येतो, हे या कादंबरीने जितक्या बारकाईने दाखवलंय तितकं त्या काळच्या मानसशास्त्रानेही दाखवलेलं नव्हतं.

कादंबरी १६ जुलै १९५१ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. कथानक चार ओळींचं. होल्डन कॉलफील्ड या मुलाला पेनसिल्व्हेनियातल्या ‘पेन्सी’ नावाच्या महागड्या निवासी शाळेने काढून टाकलंय. पाचपैकी चार विषयांत तो नापास आहे. बुधवारी नाताळची सुट्टी लागेल तेव्हा तो घरी पोचणं अपेक्षित आहे. तोवर थांबण्याऐवजी तो शनिवारी रात्रीच शाळा सोडतो, न्यूयॉर्कला येऊन एका कळकट हॉटेलात उतरतो, भटकतो, पितो, भांडतो, आणि सोमवारी सेंट्रल पार्कमधल्या एका गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या चक्रापाशी गोष्ट थांबते. हे सगळं तो पुढे सतराव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या एका आरोग्यधामातून आपल्याला सांगत असतो. शाळकरी पोराच्या भाषेत, शिव्यांसकट, एकच गोष्ट दोनदा सांगत.

आता या पावणेदोन-दोन दिवसांत होल्डन किती माणसांशी बोलतो ते बघा. गाडीत भेटलेली एका वर्गमित्राची आई, दोन टॅक्सीवाले, हॉटेलच्या बारमध्ये सिॲटलहून आलेल्या तीन बायका, लिफ्टवाला मोरिस आणि त्याने पाठवलेली वेश्या सनी, नाश्त्याच्या टेबलाशी दोन जोगिणी, सॅली, लूस, बहीण फीबी, जुने शिक्षक अँटोलिनी. यात वाटेत भेटलेली किरकोळ मंडळी धरलेलीच नाहीत. एवढी माणसं आपल्याला आठवड्यातही भेटत नाहीत. आणि भेटेल त्याला हा पोरगा काही तरी प्यायला बोलावतो. टॅक्सीवाल्यांनाही! दोघंही नाही म्हणतात. दोघांनाही तो एकच प्रश्न विचारतो: सेंट्रल पार्कचं तळं थंडीत गोठतं तेव्हा तिथली बदकं जातात कुठं? पहिल्याला वाटतं पोरगा चेष्टा करतोय. दुसरा वैतागतो आणि बदकांचं सोडून माशांवर घसरतो.

गाडीतला प्रसंग तर मला फार बोलका वाटतो. वर्गमित्राची आई शेजारी येऊन बसते, छान बोलते. होल्डन तिला आपलं नाव सांगतो रूडॉल्फ श्मिट. हे नाव वसतिगृहाच्या रखवालदाराचं. तिचा मुलगा त्याच्या मते अगदी नालायक, पण त्याच्याबद्दल तो असं काही गोड बोलतो की ती हरखून जाते. सुट्टीआधीच घरी का चाललास, असं तिने विचारल्यावर सांगतो, मेंदूत गाठ आहे, ऑपरेशन करायचंय. बाई खरोखर कळवळते. उन्हाळ्यात आमच्या घरी राहायला ये म्हणते. त्यावर हा म्हणतो, जमणार नाही, आजीबरोबर दक्षिण अमेरिकेला जायचंय. म्हणजे दोन दिवसांतलं सगळ्यात मनापासूनचं आमंत्रण मिळालं, ते रखवालदाराच्या नावाने, नसलेल्या आजारापोटी, आणि तेही थाप मारून परत केलं. सहानुभूती मिळवायला खोटं बोलावं लागलं की मिळालेली सहानुभूती आपल्या खात्यावर जमा होत नाही. या पोराला ते कळत नसलं तरी सॅलिंजरला पक्कं कळलेलं आहे.

सॅलीचंही तेच. रविवारी तिला बोलावून घेतो. नाटक बघतात, बर्फावर स्केटिंग करतात. मग बसल्या बसल्या होल्डन तिला शाळेचा, न्यूयॉर्कचा, एकूण सगळ्याचाच किती वीट आलाय ते सांगू लागतो. आवाज चढत जातो. ती म्हणते, ओरडू नकोस. तो म्हणतो, चल, मॅसॅच्युसेट्स नाहीतर व्हरमाँटला पळून जाऊ, झोपडीत राहू. ती व्यवहारी मुलगी; म्हणते, आपण अजून लहान आहोत. त्यासरशी तो तिला असं काही लागट बोलतो की ती रडते, आणि शेवटी तो तिला तिथंच सोडून निघून जातो. पुढे तो स्वतःच कबूल करतो की बरोबर नेण्यासारखी ती मुलगीच नव्हती. पण विचारलं तेव्हा मनापासून विचारलं होतं. त्याच रात्री लूसला बारमध्ये बोलावतो, त्याच्या खासगी आयुष्याबद्दल नको ते प्रश्न विचारून त्याला चिडवतो, आणि तो उठल्यावर गयावया करतो, अजून एक घे ना, मला फार एकटं वाटतंय. लूस जातो. जाता जाता मानसोपचार घे, असं सुचवून जातो.

आधी बोलवायचं, मग परीक्षा घ्यायची, ती घेताना टोचायचं, आणि माणूस उठून गेला की म्हणायचं, बघा, सगळे असेच. होल्डनच्या लेखी जग ढोंग्यांनी भरलेलं आहे. बऱ्याचदा त्याचं खरंही असतं. पेन्सी शाळेच्या जाहिरातीत घोड्यावरून कुंपण ओलांडणारा मुलगा असतो आणि होल्डनने तिथं एकही घोडा पाहिलेला नसतो. याला ढोंग नाही तर काय म्हणायचं? पण ढोंग ओळखण्याची ही तीक्ष्ण नजर त्याला वाचवत नाही. उलट तीच त्याच्या एकटेपणाला खतपाणी घालते.

मानसशास्त्रात हे मांडायला पुढची दोन-तीन दशकं जावी लागली. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं एकटेपणावरचं पुस्तक १९७३ साली आलं. त्याने एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. ओळखीपाळखीचं, गटाचं, आपल्या लोकांचं वर्तुळच नाही, हा एक. दुसरा जास्त खोलवरचा: जिवाभावाचं एखादं माणूसच नाही, किंवा होतं ते गेलं. वाइसचा मुद्दा असा की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. जिवलग गमावलेल्याला दहा पार्ट्यांना नेलं तरी पोकळी भरत नाही. होल्डनची हॉटेलं, बार, नाटकं आणि स्केटिंग या पार्ट्याच म्हणायच्या.

नंतर शिकागो विद्यापीठाच्या जॉन कॅसिओपो यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या मते एकटेपण ही भुकेसारखी खूण आहे: भूक लागली की प्राणी अन्न शोधतो, तसं एकटं वाटलं की माणसाने माणसांकडे वळावं, यासाठी शरीराने दिलेली. गोची पुढे आहे. कळपापासून तुटलेला प्राणी सावधही होतो. धोका कुठून येईल याकडे त्याचे कान लागलेले असतात. म्हणून जास्त काळ एकटं राहिलेलं माणूस समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी नकार शोधतं, तो मिळण्यापूर्वीच ताठरतं, तुटक बोलतं, आणि मग नकार खरोखरच मिळतो. एकटेपण स्वतःची शिदोरी स्वतःच बांधून घेतं, ते असं. बूथमधले पाच ‘पण’ याच जातीचे आहेत. सॅलीची आई काय म्हणेल, हे होल्डनने फोन न करताच ठरवून टाकलेलं असतं.

त्यात वयाची भर. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली किशोरवयीन मुलांच्या विचारांतल्या दोन खोडी नोंदवल्या. पहिली: सगळं जग आपल्यालाच बघतंय असं वाटणं, जणू आपण सतत रंगमंचावर आहोत. दुसरी: आपल्यासारखं दुःख आजवर कुणाच्याच वाट्याला आलं नाही, आपली गोष्ट जगावेगळी, ही खात्री. दोन्ही होल्डनकडे भरपूर. त्याची ती लांब झापड असलेली लाल शिकारी टोपी, एक डॉलरला घेतलेली, ती तो उलटी घालतो आणि स्वतःवर खूश असतो. पण हॉटेलात शिरण्याआधी काढून ठेवतो, लोक विक्षिप्त समजतील म्हणून. आणि शेवटाकडे त्याचा बेत काय, तर पश्चिमेकडे निघून जायचं, पेट्रोल पंपावर नोकरी धरायची, आणि मुका-बहिरा असल्याचं सोंग घ्यायचं. म्हणजे कुणाशी निरर्थक बोलायला नको! सगळ्यांना ढोंगी म्हणणाऱ्या पोराने जन्मभराचं ढोंग ठरवलेलं. सॅलिंजर यावर अवाक्षर बोलत नाही, होल्डनलाही ते दिसत नाही, वाचकाला मात्र हसू येतं आणि लगेच ओशाळल्यासारखंही होतं.

अलीकडे मुलांचं एकटेपण म्हटलं की आपण मोबाइलकडे बोट दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एक एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि किशोरवयात हे प्रमाण सर्वांत जास्त आहे. आकडा छापून आला की आपल्याकडे चर्चा घसरते ती स्क्रीनवरच. मोबाइल निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. पण होल्डनच्या खिशात फोन नव्हता, आणि शहरभर बूथ असूनही त्याचा फोन कुणाला लागला नाही.

कादंबरीच्या मुळाशी जिवलग गमावल्याचीच गोष्ट आहे, आणि ती होल्डन जाता जाता, दुसरंच काही सांगताना सांगतो. त्याचा धाकटा भाऊ ॲली १८ जुलै १९४६ रोजी ल्युकेमियाने गेला. ॲली अकरा वर्षांचा, होल्डन तेरा. होल्डन सांगतो, त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि गॅरेजच्या सगळ्या काचा त्याने मुठीने फोडल्या. मोटारीच्याही फोडायच्या होत्या, पण तोवर हात मोडला होता. अजूनही पावसात हात दुखतो आणि मूठ पूर्ण वळत नाही. ॲलीच्या अंत्यविधीला तो नव्हता. हात मोडल्यामुळे इस्पितळात होता. घरच्यांनी काय केलं? त्याला मनोविश्लेषकाकडे न्यावं का, असा विचार केला. त्याच्याजवळ बसून ॲलीबद्दल कुणी बोललं, असं दीडेक ओळीचंही वर्णन कादंबरीत नाही.

मग तो ज्या एका वस्तूकडे वळतो ती म्हणजे ॲलीचा बेसबॉलचा हातमोजा. डावखुऱ्याचा. ॲलीने त्याच्या बोटांवर, तळव्यावर, सगळीकडे हिरव्या शाईने कविता उतरून काढलेल्या होत्या, म्हणजे मैदानात उभं असताना चेंडू येईपर्यंत वाचायला काही तरी असावं. पेन्सीतल्या त्या शेवटच्या शनिवारी खोलीतला जोडीदार स्ट्रॅडलेटर होल्डनला म्हणतो, मला बाहेर जायचंय, तू माझा निबंध लिहून ठेव. एखाद्या खोलीचं नाहीतर घराचं वर्णन, असलं काही तरी. होल्डन टोपी घालून बसतो आणि खोलीऐवजी त्या हातमोज्यावर लिहितो. स्ट्रॅडलेटर परत येतो, वाचतो आणि भडकतो: खोली नाहीतर घर सांगितलं होतं, हे काय लिहिलंस? होल्डन कागद हिसकावून घेतो आणि फाडून टाकतो.

या प्रसंगावर मी थोडा रेंगाळतो, कारण दुःख सांगण्याचा त्या दोन दिवसांतला हा पहिला खरा प्रयत्न आहे. तोही दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या गृहपाठात. आणि उत्तर मिळतं की विषय चुकला. यानंतर काही वेळातच होल्डन स्ट्रॅडलेटरवर धावून जातो, मार खातो आणि शाळा सोडतो. निमित्त असतं स्ट्रॅडलेटर जेनला फिरायला घेऊन गेल्याचं. समीक्षकही बहुधा त्यालाच धरून बसतात. मला तो फाडलेला निबंध जास्त महत्त्वाचा वाटतो.

ॲलीशी होल्डन अजूनही बोलतो, मोठ्याने. मन फार खचलं की एक जुना दिवस उगाळतो: तेव्हा मित्राकडे जाताना ॲली बरोबर येतो म्हणाला होता आणि होल्डनने त्याला नेलं नव्हतं. आता तो त्याला सांगतो, जा, सायकल घेऊन ये. शेवटच्या सकाळी फिफ्थ ॲव्हेन्यूवर चालताना तर प्रत्येक रस्ता ओलांडताना त्याला वाटतं, आपण पलीकडे पोचणारच नाही, खाली खाली जाऊन नाहीसे होऊ. तो ॲलीला विनवतो, मला नाहीसं होऊ देऊ नकोस, आणि पलीकडे पोचला की त्याचे आभार मानतो. गर्दीने फुललेल्या रस्त्यावर, नाताळच्या खरेदीच्या दिवसांत, या मुलाला सोबत आहे ती मेलेल्या भावाची.

इतकं दुःख सॅलिंजरने आणलं कुठून? तो स्वतः १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, खात्यापित्या घरचा. पेनसिल्व्हेनियातल्या ‘व्हॅली फोर्ज’ या लष्करी निवासी शाळेत शिकलेला. होल्डन हे पात्र त्याने युद्धाच्या आधीच रचलं होतं. होल्डनवरची एक कथा ‘न्यूयॉर्कर’ने १९४१ मध्ये स्वीकारली, पण पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ती छापायची लांबली ती १९४६ पर्यंत. मधल्या काळात सॅलिंजर सैन्यात गेला. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. पुढे ह्युर्टगनच्या जंगलातली भयंकर लढाई, आर्डेनची लढाई. दाखाऊ छळछावणीच्या काउफरिंग इथल्या उपछावणीचं दृश्य त्याने पाहिलं असं त्याचे चरित्रकार सांगतात. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये न्यूरेंबर्गच्या इस्पितळात मनाच्या थकव्यासाठी भरती झाला. या सगळ्या काळात तो होल्डनबद्दल लिहीत होता. युद्धकाळातल्या त्याच्या कथांत तर होल्डन हा सैनिक आहे आणि लढाईत बेपत्ता झालेला आहे.

कादंबरीत युद्ध जवळजवळ नाहीच. फक्त थोरला भाऊ डी. बी. नॉर्मंडीला उतरला होता आणि रजेवर घरी आला की नुसता पलंगावर पडून असायचा, एवढंच होल्डन सांगतो. पण तेरा वर्षांच्या मुलाने फोडलेल्या त्या काचा युद्धातून परतलेल्या माणसाच्या हातच्या वाटतात. जिवंत राहिल्याची लाज, आणि भोवतालचे सगळे सिनेमा, नाटकं, कॉकटेल यांत दंग आहेत याचा संताप, हे सोळाव्या वर्षापेक्षा १९४५ सालचं जास्त आहे. किशोरवयाचा सांगाडा लेखकाने घेतला, कारण त्या वयात माणसाला आक्रस्ताळं होण्याची मुभा असते.

मुभा तरी तेव्हा नवीच होती. अमेरिकेत किशोर हा वेगळा वर्ग म्हणून बाजाराला दिसू लागला तो साधारण १९४० च्या दशकात. मुलींसाठीचं ‘सेव्हन्टीन’ मासिक १९४४ साली निघालं. कादंबरीच्या एकच वर्ष आधी, १९५० मध्ये, डेव्हिड रीझमन आणि सहकाऱ्यांचं ‘द लोनली क्राउड’ हे समाजशास्त्रातलं गाजलेलं पुस्तक आलं. इतरांच्या मर्जीचे संकेत टिपत टिपत स्वतःला घडवणारा नवा अमेरिकन मध्यमवर्गीय त्यात रंगवला होता. होल्डनचे वडील कंपन्यांचे वकील. कादंबरीत ते प्रत्यक्ष बोलत नाहीत. त्यांच्यासारखं न होण्यासाठी काय व्हायचं, हे मात्र मुलाला माहीत नाही. फीबी विचारते तेव्हा तो सांगतो, रायच्या शेतात हजारो लहान मुलं खेळताहेत, कड्याच्या टोकाशी मी उभा आहे, पडू लागलेल्याला धरतोय. रॉबर्ट बर्न्सचं जे गाणं त्याच्या डोक्यात असतं तेही त्याने चुकीचं ऐकलेलं असतं. दहा वर्षांची बहीण ते जागच्या जागी दुरुस्त करते.

पुस्तकावर शाळांनी बंदी घातली, ग्रंथालयांनी कपाटात ठेवलं. १९६० मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा इथे ते वर्गाला वाचायला दिलं म्हणून एका शिक्षिकेची नोकरी गेली. दाद मागून ती परत मिळाली, पुस्तक मात्र अभ्यासातून काढलं गेलं. १९८० मध्ये जॉन लेननच्या मारेकऱ्याच्या हाती हेच पुस्तक सापडलं आणि पुस्तकाभोवती वेगळीच दंतकथा जमली. तिच्यात मला रस नाही.

मराठी वाचकाला इथं ‘कोसला’ आठवणारच. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ ची, आणि तिच्यावर ‘कॅचर’ची सावली आहे का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. बोलीतलं निवेदन, तिरकस विनोद, प्रतिष्ठितांवरचा राग ही साम्यं उघड आहेत. धाकट्या भावंडाचा मृत्यूही दोन्हीकडे आहे: ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर याची बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि त्या भागात निवेदनातला सगळा चावटपणा गळून पडतो. पण सावलीच्या वादात फरक हरवतो. पांडुरंगचे वडील कादंबरीभर पसरलेले आहेत. पैसे पाठवतात, हिशेब मागतात, दरारा राखून असतात. पुण्यात वाताहत झाल्यावर पांडुरंगला परत जायला सांगवी आहे, नकोशी का होईना. तिथली पारावरची रिकामटेकडी पोरं त्याला सामावून घेतात. त्याचं तुटलेपण गोतावळ्याच्या मधोमधलं आहे. सुटायचं म्हटलं तरी गोतावळा सुटत नाही. होल्डनला परत जायला गाव नाही, फक्त एक फ्लॅट आहे, आणि तिथंही त्याला चोरासारखं शिरावं लागतं. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तला मुकुंद जोशी तर होल्डनपेक्षा लहान, पण त्याच्याभोवती मित्रांची टोळी असते, प्रेमाचं गुपित सांगायला कुणी तरी असतं. होल्डनकडे एक तरी तसा मित्र असता तर कादंबरी पेन स्टेशनवरच संपली असती.

सॅलिंजरच्या आयुष्याने या गोष्टीला विचित्र पुस्ती जोडली. १९५३ मध्ये तो न्यू हॅम्पशायरच्या कॉर्निश गावी राहायला गेला. सुरुवातीला जवळच्या शाळेतली मुलं त्याच्या घरी जायची, गाणी ऐकायची, गप्पा मारायची. चौतिशीच्या या लेखकाला त्यांची सोबत आवडायची. त्यातल्या एका मुलीने शाळेच्या पानासाठी म्हणून त्याची मुलाखत घेतली आणि ती स्थानिक वर्तमानपत्राने ठळक छापली. त्याने मुलांना भेटणं बंद केलं आणि घराभोवती उंच कुंपण घातलं. जून १९६५ नंतर त्याने काहीही प्रसिद्ध केलं नाही. २०१० च्या जानेवारीत तो वारला तेव्हा तिथंच राहत होता.

होल्डनला या सगळ्यातून थोडंफार सावरतं कोण? सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. इतिहासाचे स्पेन्सर सर आयुष्य हा नियमाने खेळायचा खेळ आहे असं सांगतात. अँटोलिनी मोलाचं बोलतात, कागदावर लिहूनही देतात. पण रात्री जाग येते तो ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवत असतात आणि तो घाबरून पळतो. मायेने की आणखी कशाने, हे सॅलिंजर ठरवू देत नाही. राहिली फीबी. ती सल्ला देत नाही, भांडते. तुला काहीच आवडत नाही, आवडणारी एक तरी गोष्ट सांग, म्हणून त्याला खिंडीत गाठते. होल्डन ॲलीचं नाव घेतो. ती म्हणते, ॲली मेलाय. तिच्याशिवाय घरातलं कुणीही हे त्याच्या तोंडावर बोललेलं नसतं. मग नाताळसाठी साठवलेले पैसे काढून त्याच्या हातावर ठेवते आणि तो हुंदके देऊन रडतो. दुसऱ्या दिवशी तो पळून जायला निघतो तेव्हा ही बॅग भरून, त्याची लाल टोपी घालून हजर: मीही येणार. तो नाही म्हणतो. ती रुसते, त्याच्याशी बोलत नाही, शाळेतही जाणार नाही म्हणते. शेवटी पश्चिमेला जायचा बेत त्यालाच रद्द करावा लागतो.

कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकटेपणावरच्या उपायांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माणसांत मिसळण्याच्या संधी वाढवणं, बोलण्याचं कौशल्य शिकवणं, यांपेक्षा समोरच्याबद्दलची बिघडलेली अटकळ दुरुस्त करणारे उपाय जास्त लागू पडलेले दिसले. फीबी नेमकं तेच करते. आपण गेलो तर कुणाला काही फरक पडत नाही, ही होल्डनची पक्की अटकळ. समोर भरलेली बॅग घेऊन रडवेली बहीण उभी असताना ती टिकत नाही. शिवाय धरणारा व्हायचं त्याचं स्वप्न होतं; चक्राच्या घोड्यावरून फीबी सोनेरी कडी पकडायला वाकते तेव्हा तिला धरायला धावायचं नाही, पडली तर पडली, असं तो ठरवतो. पाऊस पडत असतो, तो भिजत बाकावर बसून असतो, आणि एकदम खूश असतो.

म्हणून तो बरा झाला असं समजू नये. शेवटच्या छोट्या प्रकरणात तो आरोग्यधामातच आहे. तिथला मनोविश्लेषक विचारतो, सप्टेंबरात पुन्हा शाळा सुरू झाली की मन लावून अभ्यास करशील ना? होल्डनला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटतो. करून बघेपर्यंत कसं कळणार? मग तो सांगतो की ज्यांच्याबद्दल सांगितलं त्या सगळ्यांची आता आठवण येते, अगदी स्ट्रॅडलेटरची, शेजारच्या खोलीतल्या घाणेरड्या ॲक्लीची, आणि त्या मोरिसचीसुद्धा. मोरिसने पोटात गुद्दा घातला होता आणि पाच डॉलर जास्तीचे उकळले होते. तेव्हा कुणाला कधी काही सांगू नका, सांगितलं की माणसं आठवायला लागतात, असा इशारा होल्डन देतो. देतो तेव्हा त्याची दोनशेहून जास्त पानं सांगून झालेली असतात.